कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर (१८५१)
अमेरिकन उद्योजक सॅम्युएल कोल्ट (१८१४–१८६२) यांच्या कारखान्यातील ठासणीचे, सहा बारी रिव्हॉल्व्हर. संग्राहकांत विशेष मागणी असलेल्या टोपीदार रिव्हॉल्व्हरांत त्याची गणना होते. हार्टफर्ड (कनेटिकट) येथे १८७३ पर्यंत सुमारे २,१५,००० आणि लंडनच्या कारखान्यात सुमारे ४२,००० नग तयार झाले. त्याची नळी अष्टकोनी व ७·५ इंच लांब असून कॅलिबर ०·३६ इंच आहे. दारू व गोळी चक्रीच्या (सिलिंडरच्या) पुढून ठासत आणि मागील निपलांवर आघाताने पेटणाऱ्या तांब्याच्या टोप्या बसवत. चक्रीवर १८४३ च्या कँपेचे येथील नाविक लढाईचे दृश्य कोरलेले असते.

मूल्यमापनात प्रथम अनुक्रमांक पाहतात. नळी, सांगाडा, चापाचे कडे, मूठपट्टी व चक्री यांवरील क्रमांक जुळल्यास किंमत वाढते. मूळ निळी झिलई, सांगाड्यावरील पाणी दिल्याचे रंग, पितळी भागांवरील चांदीचा मुलामा व चक्रीवरील दृश्याचा ठसठशीतपणा यांनाही महत्त्व असते. टोपीतील रसायनाच्या अवशेषांमुळे निपलांभोवती गंजाचे खड्डे पडतात. शस्त्रावर ठसविलेल्या अक्षरांच्या बोथट कडा नंतर केलेले पॉलिश दर्शवितात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत प्रतिकृती बनू लागल्या. जुनाट रूप दिलेल्या अशा प्रती त्यांवरील इटालियन चाचणी-शिक्क्यांवरून किंवा ते घासून काढल्याच्या खुणांवरून ओळखता येतात. घासून चकचकीत केलेल्या नगापेक्षा झिजलेला पण मूळ स्थितीतील नग अधिक मोलाचा मानला जातो.