मोठ्या मेजवानीसाठी घरचे डिप आणि ओल्या चटण्या

महाराष्ट्रीय पानात डाव्या बाजूचा मान नेहमीच मोठा राहिला आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, पंचामृत ही सारी मंडळी थोडीथोडीच वाढली जातात. परंतु ती नसली तर पान ओकेबोके दिसते. पंगतीत वाढपी चटणीचे पातेले घेऊन येतो, चमच्याने पानात वाढतो आणि पुढे सरकतो. वाढलेली चटणी ज्याची त्याची असते आणि तासाभरात पंगत उठते. वाढदिवस, साखरपुडा, वास्तुशांत अशा आजच्या घरगुती मेजवान्यांत हीच चटणी 'डिप' या नव्या नावाने एका मोठ्या वाडग्यात मेजावर येऊन बसते. तेथे ती दोन-तीन तास उघडी राहते आणि पन्नास जणांचे हात तिच्यापर्यंत पोहोचतात. या एका बदलामुळे ती करण्याची, साठवण्याची आणि मांडण्याची रीत बदलावी लागते. चार जणांच्या कृतीला बाराने गुणले की काम झाले, असे समजणाऱ्यांचा घोटाळा येथेच होतो.

आधी हिशेब. डिपबरोबर इतरही खाणे असेल, तर सर्व प्रकार मिळून माणशी ५० ते ६० ग्रॅम डिप पुरते. म्हणजे पन्नास पाहुण्यांसाठी सुमारे तीन किलो. एवढ्यासाठी तीन प्रकार पुष्कळ झाले. सहा-सात वाडगे मांडण्याची हौस अनेकांना असते. ते दिसतातही छान, पण प्रत्येकात थोडे थोडे उरते आणि करणाऱ्याचा जीव मात्र मेटाकुटीला येतो. एक दह्याचा, एक कडधान्याचा आणि एक आंबटगोड असे तीन घ्यावेत. त्यांतला किमान एक कांदा-लसणाशिवाय असावा. जैन पाहुणे आणि चातुर्मास पाळणारी वडीलधारी मंडळी यांची त्यामुळे सोय होते. उपवासाचा दिवस असेल, तर दह्यातली दाण्याची चटणी हा तयार तोडगा आपल्याकडे आहेच.

'मीठ चवीनुसार' ही पाककृतींतली सूचना चार माणसांपुरती ठीक आहे. तीन किलोला ती उपयोगाची नाही, कारण दहा वेळा चव पाहिल्यावर जीभ बोथट होते. मीठ वजनावर घ्यावे : तयार डिपच्या प्रत्येक किलोला १० ते १२ ग्रॅम. मिरचीचे मात्र असे गणित मांडता येत नाही, कारण एका जुडग्यातली मिरची दुसऱ्यासारखी तिखट नसते. म्हणून हिरवी मिरची मीठ घालून वेगळी वाटून ठेवावी आणि शेवटी थोडी थोडी मिसळावी. मुलांसाठी थोडा भाग त्याआधीच बाजूला काढता येतो.

आंबटगोडापासून आरंभ

टिकाऊपणा पाहता चिंच-खजुराच्या चटणीचा क्रमांक पहिला. चिंचेचा आंबटपणा आणि गुळाची गोडी यांमुळे ती शीतकपाटात आठवडाभर सहज राहते. म्हणून ती तीन-चार दिवस आधी करून मोकळे व्हावे. २०० ग्रॅम चिंच, २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर आणि ३०० ग्रॅम गूळ घेतला, तर लिटरभर चटणी होते. चिंच व खजूर कोमट पाण्यात भिजवून, शिजवून, पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढावेत. मग गूळ, मीठ, जिरेपूड, सुंठ व लाल तिखट घालून पुन्हा उकळी आणावी. भांडे स्टीलचेच हवे. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात चिंच शिजवू नये, हे जुन्या बायकांना सांगावे लागत नसे.

हमस : हरभऱ्याचेच रूप

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या प्रदेशांतला हमस आता आपल्या शहरांतही रुळला आहे. अरबी भाषेत 'हम्मुस' म्हणजे हरभराच. तयार डबे महाग असतात, उलट घरी तो स्वस्त पडतो. शिवाय कडधान्य भिजवण्या-शिजवण्याचा सराव असलेल्या घराला त्यात अवघड असे काहीच नाही.

पन्नास जणांसाठी ४०० ग्रॅम काबुली चणे रात्री भरपूर पाण्यात भिजवावेत. सकाळी ते वजनाने दुप्पट होतात. शिजवताना अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. त्याने साले विरघळल्यासारखी मऊ होतात आणि वाटण गुळगुळीत होते. उसळीला चणा अखंड राहावा लागतो. येथे उलट, बोटांत धरताच त्याचे पीठ झाले पाहिजे. निथळलेले पाणी फेकू नये, पुढे ते लागते. ताहिनीसाठी १७५ ग्रॅम सोललेले पांढरे तीळ मंद आचेवर जेमतेम गरम करावेत. लाडवासाठी भाजतो तसे खमंग तांबूस भाजले, तर कडवटपणा येतो. तीन-चार चमचे तेल घालून ते पातळ होईपर्यंत वाटावेत.

यापुढचा क्रम महत्त्वाचा आहे. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या आधी पाच-सहा लिंबांच्या रसात वाटाव्यात; आंबट रसात वाटलेला लसूण उग्र होत नाही. त्यात मीठ व ताहिनी घालून फिरवले की मिश्रण एकदम घट्ट होते आणि नवशिक्याला ते बिघडल्यासारखे वाटते. घाबरू नये. बर्फाचे पाणी चमच्या-चमच्याने घालत गेले, की तेच मिश्रण पांढरेशुभ्र व सैल होते. मग चणे घालावेत, ते कोमट असतानाच. हमस उभा राहिला तर चण्यांचे बाजूला ठेवलेले पाणी घालून सैल करावा; थंड झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, हे लक्षात ठेवून किंचित पातळच ठेवावा. एवढ्या सामानाचा सव्वा किलोच्या आसपास हमस होतो.

घरगुती मिक्सरचे भांडे निम्म्याहून अधिक भरू नये. भरलेले भांडे तळाशी फिरते आणि वर तसेच राहते, मोटार तापते, ती ऊब वाटणातही उतरते. तीन-चार घाण्यांत वाटून सर्व वाटण एका मोठ्या पातेल्यात एकत्र करावे आणि चव तेथे जमवावी. घाणागणिक चव जमवत बसू नये.

हमस फार टिकाऊ नाही. कोमट हमसाचे खोल पातेले तसेच शीतकपाटात ठेवले, तर मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो आणि जंतूंना तेवढी सवड पुरते. दोन-अडीच इंच थर होईल अशा उथळ डब्यांत तो पसरून ठेवावा. आदल्या दिवशी केलेला हमस चवीला अधिक मुरलेला लागतो, पण दोन दिवसांपेक्षा आधी करू नये.

चक्का आणि हिरवाई

दह्याच्या डिपचे यश चक्क्यात आहे. पाणचट दही वाडग्यात अर्ध्या तासात पाणी सोडते. म्हशीच्या सायीसकट दुधाचे अडीच किलो दही टांगले, तर एक ते सव्वा किलो चक्का मिळतो. उन्हाळ्यात तो खिडकीच्या गजाला रात्रभर टांगू नये, आंबट होतो. चाळणीवर ओला करून पिळलेला पंचा पसरून, खाली पातेले ठेवून, सारे शीतकपाटातच ठेवावे. आठ-दहा तास पुरे होतात. खाली जमलेली निवळी थालीपिठाच्या पिठात चांगली लागते.

या चक्क्यात काय घालावे, याला मर्यादा नाही. माझा कौल मेतकुटाला. किलोभर चक्क्याला चार-पाच मोठे चमचे मेतकूट, मीठ, चिमूटभर साखर, वरून थंड केलेली हिंग-मोहरीची फोडणी. मेतकुटातील डाळी उरलेसुरले पाणी शोषून घेतात, त्यामुळे हा डिप फुटत नाही; शिवाय तो कांदा-लसणाशिवाय होतो आणि परगावच्या पाहुण्यांना त्याचे नवल वाटते. काकडी घालायची असेल, तर ती किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावी, आणि तीही वाढण्यापूर्वी तासभरच.

हिरव्या चटणीचा प्रश्न रंगाचा असतो. कोथिंबीर-पुदिना सकाळी वाटला की संध्याकाळी काळपट पडतो. घरात चार माणसे असली, तर कोणी बोलत नाही. मेजावर मात्र ते नजरेत भरते. पाने उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे रंग काळवंडवणारी पानांतील द्रव्ये निष्प्रभ होतात. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे खडे घालावेत. लिंबू शेवटी, कारण आंबट रसानेही हिरवा रंग हळूहळू मळकट होतो. दाटपणासाठी मूठभर पंढरपुरी डाळे घालावे. पाणी सुटत नाही. ही चटणी करणार असाल, तर चिंचेची निम्मी पुरते.

ओल्या नारळाची चटणी लोकप्रिय असली, तरी मोठ्या मेजवानीत ती सर्वांत बेभरवशाची. तिच्यात आंबटपणा नाही, पाणी भरपूर, स्निग्धांशही भरपूर. ती त्याच दिवशी, शक्यतो वाढण्याआधी तासभर वाटावी. फोडणी दिल्याने ती टिकते, हा समज चुकीचा आहे.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. पहिली, कच्च्या अंड्यांचे घरगुती मेयोनीज. त्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने आणि २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने कच्च्या अंड्यांच्या मेयोनीजवर प्रत्येकी वर्षभराची बंदी घातली होती. दुसरी, कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर साठवणे. हवा न पोहोचणाऱ्या तेलाखाली बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातल्या लसणामुळे अशीच विषबाधा झाली होती. लसणाचा ठेचा ताजा करावा आणि संपवावा.

मेजावर

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून दह्या-कडधान्याचे पदार्थ दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. आपल्याकडची मे महिन्यातली लग्नसराई डोळ्यांपुढे आणली, तर हा नियम किती कडक आहे ते ध्यानात येईल. उपाय साधा आहे. तीन किलोचा एक वाडगा मांडण्याऐवजी पाव-पाव किलोच्या वाट्या भराव्यात, त्या बर्फाने भरलेल्या परातीत ठेवाव्यात आणि एक संपली की दुसरी आणावी. अर्धी रिकामी वाटी वरून भरणे सर्वस्वी वर्ज्य. त्याने जुने नव्यात मिसळते आणि वेळेचा हिशेब राहत नाही. घरच्या शीतकपाटात तीन किलो डिप, दूध, केक आणि सरबते एकाच वेळी मावत नाहीत. शेजारच्या वहिनींना आदल्या दिवशीच एक कप्पा मागून ठेवावा.

उष्ट्याचे भान आपल्याला उपजत असते, पण गप्पांच्या ओघात चावलेले गाजर पुन्हा वाटीत बुडवले जातेच. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी याचा प्रयोग केला होता. चावलेला तुकडा पुन्हा बुडवला की तोंडातले जंतू वाटीत जातात, आणि पातळ डिपमध्ये ते अधिक जातात, असे त्यांना आढळले. पातळ मिश्रण तुकड्यावरून निथळून परत वाटीत पडते. प्रत्येक वाटीला स्वतंत्र चमचा आणि शेजारी छोट्या बशांची चळत ठेवली की पाहुणे आपोआप बशीत वाढून घेतात. गाजर, काकडी, खाकरा यांचे तुकडे एका घासाचेच करावेत. डिप ढवळायला हात वापरू नये. बोटावरच्या चिरेतून किंवा गळवातून स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात उतरतात आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर उकळूनही जात नाही.

तीळ, शेंगदाणे व दूध यांचे वावडे असणारे पाहुणे असू शकतात. हमसात तीळ आहेत, हे पाहून कळत नाही. प्रत्येक वाटीपुढे घटकांची चिठ्ठी ठेवावी.

मेजावरून परत आलेल्या दही-कडधान्याच्या वाट्या, कितीही जिवावर आले तरी, टाकून द्याव्यात. शीतकपाटाबाहेर न आलेला भाग मात्र दोन दिवस चालतो. उरलेला हमस थालीपिठाच्या भाजणीत मळावा, तेलाचे मोहन लागत नाही. मेतकुटाचा चक्का ताक करून भातावर घ्यावा.