रग्बी यूनियन : आंतरराष्ट्रीय खेळाडूची व्यावसायिक कारकीर्द

रग्बी यूनियन हा प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या दोन संघांत लंबगोल चेंडूने खेळला जाणारा मैदानी खेळ होय. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये रग्बी फुटबॉल यूनियन ही नियंत्रक संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी एडिंबरो येथे स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तेव्हापासून १९९५ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षे, हा खेळ तत्त्वतः हौशी राहिला. त्यामुळे देशातर्फे खेळणाऱ्या रग्बीपटूचा इतिहास हा बऱ्याच अंशी खेळाचे श्रम व उपजीविका यांच्यातील संघर्षाचा इतिहास आहे.

या संघर्षाचे मूळ वर्गभेदात होते. इंग्लंडच्या उत्तर भागातील खाण व गिरणी कामगार शनिवारी सामना खेळले, की त्यांची मजुरी बुडत असे. तिची भरपाई मिळावी ही मागणी यूनियनने १८९३ मध्ये फेटाळली. परिणामी १८९५ मध्ये हडर्झफील्ड येथे जमलेल्या उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना उभारली व तीतून पुढे तेरा खेळाडूंचा ‘रग्बी लीग’ हा स्वतंत्र खेळ विकसित झाला. लीगमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यास यूनियनचे दरवाजे कायमचे बंद होत. वेल्सचा कर्णधार जॉनथन डेव्हिस १९८९ मध्ये लीगकडे गेला; यूनियनमध्ये त्याला १९९५ मध्ये, निर्बंध उठल्यानंतरच, परत येता आले.

ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने पॅरिस येथे हौशीपणाची अट रद्द केली. त्याच वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेत न्यूझीलंडच्या जोना लोमू याने उपान्त्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध चार ट्राय नोंदविल्या होत्या. दूरचित्रवाणीच्या युगातील व्यावसायिक रग्बीचा तो पहिला जगप्रसिद्ध चेहरा ठरला. १९९४ मध्ये, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, त्याने देशातर्फे पदार्पण केले होते. ६३ कसोटींत त्याने ३७ ट्राय केल्या. मात्र मूत्रपिंडाच्या विकाराने त्याची कारकीर्द खुंटली. २००४ मध्ये मूत्रपिंडरोपण झाले आणि २०१५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो निधन पावला. व्यवसायीकरणामुळे खेळाडूंचे वजन, वेग व सामन्यांची संख्या वाढली. त्याबरोबर इजाही वाढल्या. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातील स्टीव्ह टॉम्पसन याने २०२० मध्ये आपणास अल्पवयातच स्मृतिभ्रंश जडल्याचे जाहीर केले; जिंकलेला अंतिम सामनाही त्याला आठवत नव्हता. वेतन मिळू लागले, तरी शरीराच्या झिजेची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

भारतात या खेळाचा प्रवेश लवकर झाला. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रज रहिवाशांचा सामना झाला व पुढील वर्षी तेथे क्लब स्थापन झाला. तो बंद पडताना शिल्लक चांदीचे रुपये वितळवून करंडक घडविण्यात आला. त्याच्या मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यांत १८७९ पासून हाच ‘कलकत्ता कप’ पणास लागतो. महाराष्ट्रात या खेळाचे प्रमुख केंद्र १८७५ मध्ये स्थापन झालेला बाँबे जिमखाना हे होय. हा क्लब प्रारंभी केवळ यूरोपीयांपुरता मर्यादित होता. अखिल भारतीय स्पर्धेची परंपरा १९२४ पासून सांगितली जाते. सैनिकी तुकड्या, क्लब व मोजकी शहरे यांच्याबाहेर मात्र खेळ फारसा गेला नाही.

खानदेशासारख्या प्रदेशाची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी व तापी खोऱ्यातील लोहमार्गावरील स्थानक म्हणून परिचित आहे. अशा गावी अंगबळाचा, पकडीचा व चपळाईचा खेळ म्हणजे कुस्ती किंवा कबड्डी. रग्बीला सुमारे शंभर मीटर लांबीचे हिरवळीचे मैदान लागते. कबड्डीला शाळेचे पटांगण पुरते. कबड्डीपटूच्या अंगी जी पकड असते, तिचेच भावंड रग्बीतील ‘टॅकल’ होय. तरी २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर ग्रामीण खेळाडूपुढे उपजीविकेची वाट उघडली ती कबड्डीत, रग्बीत नव्हे.

भारतीय पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये खेळला. या संघातील अभिनेते राहुल बोस पुढे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. चरितार्थ अन्य व्यवसायावर चालवून देशासाठी खेळणे, ही भारतीय रग्बीपटूची सर्वसाधारण स्थिती होती. पुण्याच्या वाहबिझ भरुचा या भौतिकोपचारतज्ज्ञ असून त्यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. महिला संघाने पंधरा खेळाडूंच्या प्रकारात २०१८ मध्ये पदार्पण केले आणि २०१९ मध्ये मानिला येथे सिंगापूरवर २१–१९ असा पहिला विजय मिळविला.

जून २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची व्यावसायिक ‘रग्बी प्रीमियर लीग’ प्रथमच भरविण्यात आली व तीत चेन्नईचा संघ विजयी झाला. ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून समाविष्ट झालेल्या सात खेळाडूंच्या प्रकाराची होती. भारतीय खेळाडू तीत परदेशी व्यावसायिकांच्या बरोबरीने उतरले. काही आठवड्यांचे मानधन व वर्षभराची उपजीविका यांत मात्र अंतर आहे. हडर्झफील्डच्या कामगारांनी विचारलेला बुडालेल्या मजुरीचा प्रश्न भारतीय रग्बीपटूच्या बाबतीत अद्यापि पूर्णतः सुटलेला नाही.