दंतरचना व बालकांचे मुखारोग्य

जबड्यांच्या कमानींतील दातांची मांडणी आणि तोंड मिटले असता वरच्या व खालच्या दातांचा एकमेकांशी जुळणारा मेळ, या दोहोंस मिळून दंतरचना असे म्हणतात. दात एकमेकांवर चढलेले, तिरपे, पुढे आलेले किंवा मागे दबलेले असणे हे या रचनेतील दोष होत. वेडेवाकडे दात नीट घासता येत नाहीत व म्हणून ते किडतात, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात काही तथ्य असले, तरी दंतवैद्यकाच्या इतिहासातून त्याच्या उलट दिशेचा एक संबंध अधिक ठळकपणे पुढे आला : बालपणी दुधाचे दात किडून अकाली गेले, म्हणजे कायमच्या दातांची रचना बिघडू शकते. आनुवंशिकता, अंगठा चोखण्याची दीर्घकाळ टिकलेली सवय, तोंडाने श्वास घेणे इ. कारणांनीही रचनादोष उद्‌भवतात. परंतु दुधाच्या दातांची हानी हे त्यांतील सहज टाळता येण्याजोगे कारण आहे. हे ओळखले जाण्यास मात्र फार काळ जावा लागला.

दात येण्याचा क्रम : दुधाचे दात २० असतात. ते वयाच्या सु. सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात व अडीच ते तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नसल्यामुळे तिला पालक पुष्कळदा दुधाचीच दाढ समजतात व तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. पुढील सहा वर्षांत पटाशीचे दात, सुळे व उपदाढा दुधाच्या दातांच्या जागी येतात. दुधाच्या दोन दाढा सु. दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकणे अपेक्षित असते. अन्न चावण्याखेरीज खाली तयार होत असलेल्या उपदाढांसाठी जागा राखणे हेही त्यांचे कार्य होय.

प्रारंभीचे प्रयत्न : दातांना वळण लावण्याच्या उपायाचा एक जुना लेखी उल्लेख इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांच्या वैद्यकविषयक ग्रंथात आढळतो. दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवल्यास दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबून योग्य जागी आणावा, असे त्यांनी सांगितले आहे. फ्रेंच दंतवैद्य पीएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूची पट्टी व दोरा यांच्या साह्याने दात सरळ करण्याची रीत वर्णिली. कायमच्या दातांना वाट मिळावी म्हणून दुधाचे काही दात हेतुपुरस्सर काढण्याचा विचार रॉबेअर ब्यूनाँ यांनी १७४३ मध्ये मांडला.

या विषयास शरीररचनेचा आधार दिला तो जॉन हंटर (१७२८–९३) या ब्रिटिश शल्यविशारदांनी. दातांच्या नैसर्गिक इतिहासावरील त्यांच्या १७७१ च्या ग्रंथात जबड्याच्या वाढीचे विवेचन आहे. जबडा लांबीने वाढतो तो मुख्यतः मागील बाजूस. दुधाचे दात ज्या भागात असतात, तेथील कमानीची लांबी पुढे फारशी वाढत नाही, असे त्यांनी दाखविले. पुढील भागात एकदा गमावलेली जागा वाढीबरोबर आपोआप भरून येत नाही, हा याचा अर्थ. तथापि दुधाचे दात पडणारच आहेत, तेव्हा दुखताच ते उपटावेत, ही रूढी त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली.

अँगल व दात काढण्याचा वाद : अमेरिकेत नॉर्मन किंग्झ्ली यांनी मुखव्यंगांवरील ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध केला. एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांनी १८९९ मध्ये रचनादोषांचे तीन वर्ग पाडले. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या दाढांचा वर-खाली मेळ कसा बसतो, यावर हे वर्गीकरण आधारले होते आणि ते पुढे जगभर रूढ झाले. १९०० साली त्यांनी सेंट लूइस येथे या विषयाची स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली. सर्व दात राखूनच योग्य मेळ साधावा, असा त्यांचा आग्रह होता. कॅल्व्हिन केस यांनी याला विरोध केला. काही मुलांत सर्व दातांना पुरेल एवढी जागाच नसते, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये या प्रश्नावर जाहीर वाद झाला, पण अँगल यांच्या मताचा पगडा कायम राहिला. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपण सरळ केलेले दात अनेक रुग्णांत पुन्हा वाकडे होत असल्याचे आढळले. त्यांनी काहींच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले व १९४० च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष मांडले. तेव्हापासून दात काढणे वा राखणे हे प्रत्येक मुलाच्या जबड्याचे मापन करून ठरविले जाऊ लागले.

कीड व जागेचा ऱ्हास : तोंडातील सूक्ष्मजंतू शर्करायुक्त अन्नापासून अम्ल निर्माण करतात व त्यामुळे दात किडतो, हे बर्लिन येथे कार्य केलेले अमेरिकन दंतवैज्ञानिक डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये प्रतिपादिले. त्यामुळे कीड हा टाळता येण्याजोगा रोग ठरला. १९४७ मध्ये हेझ नॅन्स यांनी केलेल्या मापनांवरून दुधाच्या दातांचे महत्त्व अंकांत मांडता आले. दुधाचा सुळा व दोन दाढा यांची एकत्रित रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या तीन दातांच्या रुंदीहून खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सु. १·७ मिमी., तर वरच्या जबड्यात सु. ०·९ मिमी. अधिक असते. ही शिल्लक फार थोडी आहे. दुधाची दुसरी दाढ अकाली गेल्यास पहिली कायमची दाढ पुढे सरकते व ही शिल्लकच नव्हे, तर उपदाढेची जागाही व्यापते. मग उपदाढ आडवी येते किंवा जबड्यातच अडकून राहते. अशा वेळी रिकाम्या जागेत तारेची जागा राखणारी योजना बसवितात. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्‌स येथे १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात नियंत्रित प्रमाणात फ्ल्युओराइड मिसळण्यास सुरुवात झाली. या व अशा उपायांनी कीड घटते आणि तिच्यामुळे होणारा जागेचा ऱ्हासही टळतो.

रचनादोषांचे परिणाम : दाटीवाटीच्या दातांत अन्नकण व जंतूंचा चिकट थर साचणे सोपे असते. तरीही पाहण्यांतून दिसलेले चित्र समजुतीपेक्षा सौम्य आहे. वेल्समधील कार्डिफ येथे १९८१ मध्ये ११ ते १२ वर्षांच्या एक हजारांहून अधिक मुलांची पाहणी सुरू झाली व सु. वीस वर्षांनी त्यांतील काहींची पुन्हा तपासणी करण्यात आली. हिरड्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने दातांच्या वाकडेपणापेक्षा दात घासण्याची सवय अधिक निर्णायक ठरते, असे अशा अभ्यासांवरून दिसते. इजेचा धोका मात्र स्पष्ट आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनानुसार वरचे पटाशीचे दात ३ मिमी.पेक्षा अधिक पुढे असलेल्या मुलांत त्या दातांना इजा होण्याचा धोका सु. दुप्पट असतो. वरचा सुळा जबड्यात अडकल्यास शेजारच्या दाताचे मूळ झिजू शकते. खालचे दात टाळूस टोचत असल्यास हिरडीला जखम होते.

उपचार : पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्कावर अम्ल लावून त्यास राळ घट्ट चिकटविण्याची पद्धती दाखविली. तिच्या आधारे पुढे तारेचे आधार थेट दातावर चिकटविता येऊ लागले. या आधारांभोवती थर साचल्यास दंतवल्कातील खनिजे निघून जातात व पांढरे डाग पडतात. म्हणजे स्वच्छतेविना केलेला उपचारच किडीस निमंत्रण ठरतो. म्हणून कीड व हिरड्यांचा दाह आटोक्यात आणल्यावरच तारा बसवितात. कोणास उपचाराची खरी गरज आहे, हे ठरविण्यासाठी ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये एक निर्देशांक तयार करण्यात आला. त्यात आरोग्यास असलेला धोका व दिसणे यांचे मापन वेगवेगळे केले जाते.

दात सरळ करण्याची साधने खर्चिक असून उपचार बहुधा एक ते दोन वर्षे चालतो. याउलट दुधाची दाढ राखण्यास नियमित घासणे, गोड खाण्यावर मर्यादा व कीड लहान असतानाच ती भरून घेणे एवढे बहुधा पुरते. आनुवंशिक दोष याने टळत नाहीत. परंतु कायमच्या दातांची जागा शाबूत राहते आणि पुढे उपचार करावा लागलाच, तर तो सुलभ होतो.