बाणाची कळ, डब्याची कळ

आमच्या घरात आजीचा पितळी पानडबा आहे. गोल, वीतभर रुंद, समोरच्या कडेला एक बारीक कळ. ती अंगठ्यानं दाबली की झाकण टपकन उघडतं. परगावच्या भाच्याला तो नीट दाखवावा म्हणून मी केक सजवायच्या फिरत्या थाळीवर डबा ठेवला, थाळीच्या कडेला दहा-दहा अंशांवर खुणा केल्या आणि 36 फोटो काढले. ते ओळीनं लावले की मोबाइलवर बोट सरकवताच डबा फिरतो. मग कळीवर एक ठिपका ठेवला आणि बिजागरीवर एक. ठिपक्यावर बोट टेकलं की चौकट उघडते आणि आत दोन ओळींची माहिती. ठिपक्याला हॉटस्पॉट म्हणतात, चौकटीला पॉपअप. एवढ्यानं काम संपायला हवं होतं.

डबा फिरवला तर कळ पुढं आणि ठिपका मागं! मी चार फोटोंवरच जागा दाखवली होती: समोर, एक कड, पाठ, दुसरी कड. मधल्या जागा संगणकानं सारख्या भागांत वाटून टाकल्या. पडद्यावर डब्याच्या मध्यापासून कडेपर्यंत 200 पिक्सेल भरत होते, म्हणजे नऊ पावलांत दर पावलाला 22. पण गोल वस्तूवरचा बिंदू असा समान चालत नाही. कळ अगदी समोर असते तेव्हा दहा अंशांत 35 पिक्सेल पळते, आणि कडेला टेकताना त्याच दहा अंशांत जेमतेम 3. मधल्या वाटेवर माझा ठिपका तब्बल 40 पिक्सेल मागं पडला होता आणि कोऱ्या पितळेवर बसून ‘ही कळ’ असं सांगत होता. हा हिशेब ज्येचा, म्हणजे साइनचा. आर्यभटानं ज्या ज्येच्या किमतींमधले 24 फरक दिले, तीच ही ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी सापडली, ठिपका तिच्या हिशेबानं हलवला. बाणाकडेही वळायचंय, कारण हॉटस्पॉट या शब्दाची खरी गंमत बाणात आहे. पण आधी थोडं मागं जाऊ.

वस्तू चहूबाजूंनी टिपायची कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या फ्रांस्वा विलेमनं 1860 च्या सुमारास माणसाला मध्ये बसवून भोवती 24 कॅमेरे मांडले, दर 15 अंशांना एक, आणि त्या फोटोंवरून पुतळे घडवले. पडद्यावर माउसनं फिरणारी वस्तू ॲपलच्या क्विकटाइम व्हीआरनं 1995 मध्ये आणली, हॉटस्पॉटांसकट. त्यांची युक्ती मला फार आवडते. दिसणाऱ्या चित्रामागं एक न दिसणारं चित्र असे, त्यात प्रत्येक जागा वेगळ्या रंगानं भरलेली. तुम्ही टिचकी मारली कळीवर, संगणक बघायचा मागचा रंग. फिरत्या डब्यासाठी अशी रंगवलेली पाठ प्रत्येक फोटोला वेगळी लागणार, हे ओघानं आलंच.

पण ‘हॉट’ का? एक म्हणणं असं की अमेरिकेत गाजलेल्या नाइटक्लबला हॉटस्पॉट म्हणत, तिथून हा शब्द आला. मला हे पटत नाही. क्लबला माणसं गर्दी करतात, ठिपक्याला एकच बोट पुरतं. दुसरं म्हणणं विजेचं: चालू तार ‘हॉट’, तसा चित्राचा चालू भाग. हे बरं वाटतं, पण त्यातून ‘हॉट’ सुटतो, ‘स्पॉट’ सुटत नाही. भूगर्भवाले आपला हॉटस्पॉट पुढं करतात, पर्यावरणवाले आपला (आपला सह्याद्री त्यांच्या यादीत आहे), पण ही सगळी नुसती नावाची भावंडं.

माझा पक्ष वेगळा आहे. 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये पडद्यावरचा बाण म्हणजे 16 गुणिले 16 ठिपक्यांचं चित्र होतं. एवढ्या चित्रातला नेमका कोणता ठिपका ‘इथं’ असं म्हणतो? बाणाचं टोक. फुलीच्या आकाराचा दर्शक असेल तर तिचा मध्य. त्या एका ठिपक्याचं नाव हॉटस्पॉट. म्हणजे तेव्हा हॉटस्पॉट वस्तूवर नव्हताच, तो दाखवणाऱ्या बोटाच्या टोकावर होता! पुढं 1987 मध्ये बिल ॲटकिन्सनच्या हायपरकार्डमध्ये चित्रावर पारदर्शक बटणं ठेवता येऊ लागली, पण ती बटणंच होती. 1990 च्या विंडोजच्या मदत-पानांवर पाहावं तर हॉटस्पॉट चित्रावर आणि मजकुरावर येऊन बसलेला: हिरव्या अक्षरांखाली सलग रेघ असेल तर दुसऱ्या पानावर उडी, तुटक रेघ असेल तर पॉपअप. सहा वर्षांत शब्द बाणावरून निशाणावर गेला. कसा? टोक टेकलं की जागा तापते, म्हणून टोकाचं नाव जागेला, असा माझा अंदाज आहे. भाषेत हे नेहमीचंच. वीज गेली की आपण ‘लाइट गेली’ म्हणतोच की.

पॉपअपला एवढी खटपट नाही. पान उघडताच कागदी घर उभं राहणाऱ्या पुस्तकांना न्यू यॉर्कच्या ब्लू रिबन बुक्सनं 1930 च्या दशकात हे नाव दिलं.

मराठीत हॉटस्पॉटच्या ठिपक्याला मी ‘कळ’ म्हणतो. दाबायची ती कळ, आणि दाबल्यावर जे होतं ते कळणं. कोशवाले म्हणतील, यंत्राची कळ ‘कला’वरून आणि कळणं ‘कल्’ धातूवरून, उगाच गाठ मारू नका. पण ‘कला’लाही त्याच ‘कल्’पाशी नेता येतं, तेव्हा माझी गाठ निदान सरगाठ तरी आहे. कळीचा नारद मात्र यात ओढायचा नाही. त्याची कळ ‘कलि’ची, भांडणाची. आणि पोटात येते ती कोणती, हे ज्याच्या पोटात येते त्याला विचारा.

हे सगळं मी नायगावात बसून जुळवत होतो. आई मागून डोकावली आणि म्हणाली, “अरे, हे उलटं फिरायलंय की.”

आधी कळलंच नाही. मग नरसी फाट्यावरून देगलूरकडे, होट्टलला मनानं गेलो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी. देव उजव्या हाताला ठेवून निघालं की नवी मूर्ती डावीकडून पुढं येते आणि बघून झाली की उजवीकडे सरकते. माझा डबा डावीकडे पळत होता. आईच्या हिशेबी ती अपसव्य प्रदक्षिणा. खरं सांगतो, तेव्हापासून मला प्रदक्षिणेचा मार्ग हीच फिरत्या चित्राची मूळ कल्पना वाटते. दगड फिरत नाही, बाण फिरतो, आणि बाण म्हणजे आपण. मागच्या भिंतीवरची मूर्ती समोरून दिसत नाही, तसा पाठीमागं गेलेला ठिपकाही लपवावाच लागतो, नाहीतर पितळेच्या आरपार बिजागरी सांगत बसतो.

माझ्या एका मित्रानं लगेच खोडा घातला: महादेवाला पूर्ण फेरा कुठं असतो? सोमसूत्र, म्हणजे पिंडीचं पाणी जायची वाट, ओलांडत नाहीत, तिथून परत फिरतात. खोडा चांगला होता. पण क्विकटाइम व्हीआरमध्येही वस्तू गरगर फिरू द्यायची की एका कडेला अडवायची, हे ठरवता यायचं. अडवलेली वस्तू म्हणजे शंकराची, फिरती म्हणजे विष्णूची, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. हसण्याला मी होकार धरलं.

रात्री 36 फोटोंचा क्रम उलटा केला. त्याबरोबर ठिपक्यांच्या जागाही उलटल्या. कळीसाठी ज्येमागं उणे चिन्ह होतं, तिथं अधिक केलं. बिजागरी कळीच्या बरोबर पाठीला, म्हणून तिच्या कोनात 180 मिळवले. सकाळी मोबाइल आईच्या हातात दिला. तिनं डबा उजवीकडे सरकवत अख्खा फेरा बघितला. कळ डावीकडून येऊन समोर थांबली, ठिपका तिच्यावर बरोबर बसलेला. आईनं अंगठा टेकवला, पानडब्यावर टेकवतात तसाच. चौकट उघडली.

“आणि झाकण?” तिनं विचारलं.