चक्रीवादळोत्तर शालेय पुनर्वसन : वैभववाडी व सिंधुदुर्ग

चक्रीवादळाने मोडलेल्या सार्वजनिक शाळांची इमारत, दप्तर व अध्यापन पूर्ववत करणे, आणि त्याच आपत्तीने घरदार सोडावे लागलेल्या विद्यार्थ्यांस अन्य शाळेत विनाविलंब दाखल करून घेणे, या दुहेरी कार्याचा निर्देश या संज्ञेने होतो. महाराष्ट्रात त्याचा संबंध मुख्यत्वे जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांशी येतो. कारण १९६२ च्या मे महिन्यापासून ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कारभार या परिषदांच्या हाती आला, आणि कोकणात वाडीवाडीवर दिसणारी एक-दोन खोल्यांची चिरेबंदी, कौलारू शाळा बहुधा त्यांच्याच मालकीची असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी देवगड, मालवण व वेंगुर्ले हे तीन प्रत्यक्ष समुद्रकाठचे. वैभववाडी हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, करूळ व भुईबावडा या घाटांच्या तोंडाशी वसलेला तालुका असून त्यास सागरकिनारा मुळीच नाही. यामुळे वादळाच्या बातमीत बंदरे, होड्या व उधाण यांना जागा मिळते आणि घाटाखालच्या या मुलखाचे नाव यादीच्या तळाशी जाते. वस्तुतः समुद्रावरून आलेला वारा डोंगराशी अडतो, पर्जन्य तेथेच सर्वाधिक कोसळतो, झाडे पडून रस्ते व विजेच्या तारा तुटतात. आणि उंबर्डे, कोकिसरे वा नाधवडे येथील शाळेच्या दृष्टीने लाट आली नाही एवढाच काय तो दिलासा.

अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिला उन्हाळी सुटीत पडतो व दुसऱ्याचा आरंभ पुष्कळदा दिवाळीच्या सुटीशी जुळतो. वादळसमयी शाळा रिकामी असल्यामुळे मुलांचे प्राण वाचतात हे खरेच. परंतु त्याच कारणाने कपाटातील दप्तर हलविण्यास वा दारेखिडक्या बांधून घेण्यास तेथे कोणी नसते. शिवाय मे महिन्यातील वादळानंतर शाळा उघडण्याची तारीख जूनच्या मध्यावर असली, तरी खरी मुदत त्यापूर्वीच, मृगाच्या पावसाने, संपलेली असते. छप्पर उघडे राहिलेल्या खोलीवर कोकणातला पाऊस आठ दिवस पडला की भिंतींचा गिलावा, फळा, बाके व जमीन यांची हानी मूळ वादळाहून अधिक होते. शासकीय मंजुरीचा वेग आणि पावसाचा वेग यांतील ही तफावत हाच या विषयाचा गाभा होय.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले व त्याचा मुख्य तडाखा रायगड आणि उत्तर रत्नागिरीस बसला. सिंधुदुर्गाचा खरा अनुभव पुढल्या वर्षीच्या ‘तौक्ते’चा. हे वादळ १६ मे २०२१ रोजी जिल्ह्याच्या किनाऱ्यास समांतर उत्तरेकडे सरकले व १७ मेच्या रात्री गुजरातेत जमिनीवर चढले. जिल्ह्यात वीजवाहिन्यांची इतकी मोडतोड झाली की कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. कोविडच्या साथीमुळे शाळा आधीच बंद होत्या, जूनमध्ये नवे शालेय वर्ष दूरध्वनीच्या पडद्यावर सुरू झाले, आणि तो पडदाच विजेवाचून व मनोऱ्यांवाचून निरुपयोगी ठरला. लहरी शोधण्यासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसण्याची पाळी शेजारच्या कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीवर त्यापूर्वी २०२० मध्येच आली होती. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात प्रत्यक्ष उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे मे महिन्यात कौले गेलेल्या प्राथमिक शाळेने अख्खा पावसाळा मुलांवाचून काढला, आणि ज्या गळतीविषयी पालक एरवी दुसऱ्याच दिवशी ओरड करतात, तिची दखल घेण्यास कोणी नव्हते.

मंगलोरी कौल हे रिपेवर केवळ आपल्या ओठाने अडकलेले व स्वतःच्या वजनाने बसलेले असते. त्यास खिळा नसतो. वारा पडवीखालून आत शिरला की छपरावर खालून दाब व वरून ओढ अशी दुहेरी क्रिया होते, प्रथम आढ्याजवळची व कडेची कौले उचलली जातात आणि मग एकेक रांग मोकळी होत जाते. दुरुस्तीत कौले मिळाली तरी रिपा व वासे भिजून वाकलेले असतात, आणि वादळानंतर साऱ्या जिल्ह्यास एकाच आठवड्यात कौले, पत्रे व सुतार हवे असल्यामुळे भाव चढतो. कंत्राटदारास सोयीचा उपाय म्हणजे लोखंडी पत्रा. तो आकड्यांनी घट्ट बसविता येतो हे मान्य. पण त्यावर आषाढातला पाऊस पडू लागला की गुरुजींचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही, ही गैरसोय कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. कौलांच्या कडेच्या व आढ्याच्या रांगा तारेने बांधून घेणे हा स्वस्त मध्यममार्ग आहे आणि तो अधिक रूढ व्हावयास हवा.

इमारतीहून दप्तराची हानी अधिक चिरस्थायी असते. ज्या सर्वसाधारण नोंदवहीवरून शाळा सोडल्याचा दाखला दिला जातो, ती काही जुन्या शाळांत शतकाहून अधिक काळ चालत आलेली आहे व तिची आरंभीची पाने मोडी लिपीत आहेत. जन्मतारीख व जात यांचा पुरावा म्हणून तिचे मोल किती, हे २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा सर्वांस कळले. अशी वही भिजल्यास उन्हात उघडी टाकू नये. पानांमध्ये टिपकागद घालून, ते वरचेवर बदलत, सावलीत व वाऱ्यावर सुकवावी. शिवाय प्रत्येक नोंदवहीची छायाप्रत पंचायत समितीच्या कचेरीत असणे इष्ट.

नुकसानीची वर्दी मुख्याध्यापकाकडून केंद्रप्रमुखामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जाते. पंचनामा होतो, बांधकाम विभागाचा अभियंता अंदाजपत्रक करतो, आणि रक्कम आपत्ती प्रतिसाद निधीतून अथवा जिल्हा नियोजन समितीच्या तरतुदीतून येते. पहिल्या निधीतील मदत प्रतिशाळा ठरावीक कमाल रकमेपर्यंतच असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शिक्षकांस शिक्षणेतर कामे देण्यास मनाई केली असली, तरी जनगणना व निवडणूक यांच्याप्रमाणे आपत्तिनिवारणाचाही अपवाद ठेवला आहे. परिणामी शाळेस ज्या काळात शिक्षकाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच काळात तो गावाच्या मदतकार्यास जुंपला जाण्याचा संभव असतो.

स्थलांतरित विद्यार्थ्यांपुरता हा अधिनियम उदार आहे. दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता वा लांबविता येत नाही आणि वयाचा पुरावा नसणे हीही सबब चालत नाही. परंतु ही तरतूद किती पालकांस ठाऊक असते, हा प्रश्नच आहे. वैभववाडीने विस्थापन अनुभवले ते वाऱ्यापेक्षा धरणामुळे : अरुणा प्रकल्पाच्या जलाशयाने २०१९ मध्ये आखवणे-भोमच्या घरांस वेढले. महाराष्ट्रातील आपद्ग्रस्त विद्यार्थ्यांच्या पुनर्वसनाचे ठळक उदाहरणही भूकंपाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांस पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तो उपक्रम थोर खराच. तथापि, मूल गावापासून दूर नेण्याऐवजी गावाची शाळा लवकर उभी करणे शक्य असेल तेथे तेच श्रेयस्कर.

परदेशांतील दाखले दोन्ही अंगांनी बोधक आहेत. ऑगस्ट २००५ मधील ‘कॅट्रिना’ वादळानंतर अमेरिकेने स्थलांतरित विद्यार्थ्यास सामावून घेणाऱ्या शाळांस दरडोई अनुदान देणारा कायदा त्याच डिसेंबरात केला. न्यू ऑर्लिन्स शहरात मात्र बहुतेक सार्वजनिक शाळा स्थानिक मंडळाकडून काढून घेण्यात आल्या व सुमारे सात हजार कर्मचारी बडतर्फ झाले. प्वेर्तो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ च्या ‘मारिया’ वादळानंतर पुढल्याच वर्षी अडीचशेहून अधिक शाळांस कुलुपे लागली. लोक बेट सोडून गेले आणि पट घटला, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. सिंधुदुर्गात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत, आणि अशा शाळांचे समूहशाळांत एकत्रीकरण करण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. वादळामुळे चार कुटुंबे मुंबईस वा कोल्हापुरास गेली म्हणून खाली आलेला पट हा वाडीवरील शाळा बंद करण्याचा आधार होऊ नये. आपत्तीनंतरची किमान दोन वर्षे पटपडताळणीतून वगळण्याचा हुकूम शासनाने काढावा.