सुटलेले घर

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. चार वर्षांनी इंग्रज सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण तो पुणे, नगर, सोलापूर, सातारा एवढ्यांपुरताच. नांदेड-लातूर तेव्हा निजामी मुलखात. आमच्या आज्या-पणज्यांना त्याचा काय उपयोग?

सावकाराच्या पाशातून कुळे सुटावीत म्हणून १९०४ साली इंग्रजी मुलखात सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९४८ मध्ये निजामी गेली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि पुढे राज्याचा सहकारी कायदाही झाला. सहकार आला तरी जप्ती राहिलीच. वसुली नसेल तर ठेवीदार बुडतो, आणि तोही गरीबच!

१९६१ च्या नियमांत लिलावाची रीत आहे. दवंडी पिटायची, बोली ज्याची चढेल त्याने शेकडा १५ रुपये जागीच भरायचे, बाकीचे १५ दिवसांत. मात्र कर्जदाराने ३० दिवसांत सारी बाकी आणि घेणाऱ्यासाठी किमतीवर शेकडा ५ भरले, तर विक्री रद्द होते.

लातूरकडच्या एका गावी अशाच लिलावात दोन खणांचे माळवद मी स्वस्तात घेतले. घरधन्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. एकोणतिसाव्या दिवशी त्या गृहस्थाने बैलजोडी विकून पैसे भरले. घर सुटले. माझे पैसे परत आले; वर ते शेकडा ५ ही आले.

नियमाप्रमाणे ते माझेच होते. मी ते घेतले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या मुलाने "हजर, गुरुजी" म्हटले, तेव्हा माझी मान वर झाली नाही.