बावीस सेक्टरातील विटांची घरे

ऐतिहासिक वास्तू म्हटले की आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे बुरूज, वाडे, घाट आणि देवळांची शिखरे उभी राहतात. चंदीगडात यांपैकी काहीच नाही. तरीही मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी या नगराच्या वास्तूंविषयी लिहावयाचे ठरले, तेव्हा आमची दृष्टी प्रथम वळली ती सेक्टर २२ कडे. गावाकडून पाहुणा आला की आपण त्याला सचिवालय, विधानभवन आणि सुखना सरोवर हौसेने दाखवतो. बावीस सेक्टरात नेतो ते केवळ खरेदीसाठी. वस्तुतः हे नगर ज्यांच्यासाठी वसले, त्यांची वास्तू तेथेच पाहावयास मिळते.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले. पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही आणि लक्षावधी माणसांना घर उरले नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अल्बर्ट मायर व मॅथ्यू नोविकी या जोडीने केला. १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान-अपघातात मृत्यू पावले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांचे मन रमले ते कॅपिटॉलच्या भव्य काँक्रीटमध्ये. माणसांना राहावयास घरे हवीत, हा व्याप प्रामुख्याने त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य यांनी सांभाळला. या घरांचा पहिला मोठा प्रयोग सेक्टर २२ मध्ये झाला. तेथे राहावयास आलेल्या सरकारी नोकरांत, दुकानदारांत रावीपलीकडे सर्वस्व टाकून आलेले कितीतरी जण होते.

सरकारी घरांच्या तेरा श्रेणी ठरल्या होत्या. वरच्या टोकाला मंत्री, तळाशी शिपाई. पगाराच्या पायरीप्रमाणे माणसे वसवण्याची ही रीत आम्हांस आजही खटकते. परंतु तळाच्या श्रेणीचे घर एकदा पाहावे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, मागे स्वतःचे अंगण, नळाचे पाणी, वीज आणि घरातच संडास! त्याच काळी गिरगावातल्या चाळीत बादली घेऊन सामाईक संडासापुढे रांग लागत असे, हे आमच्यातील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

सिमेंट व लोखंड महाग, वीट मात्र जवळच्या भट्ट्यांतून स्वस्त मिळणारी; म्हणून कॅपिटॉल काँक्रीटचे झाले आणि घरे विटांची. गिलाव्याचा खर्च टाळून उघडी ठेवलेली ती लाल भिंत पुढे चंदीगडची ओळख बनली. विटाच थोड्या अंतराने रचून केलेली जाळी ऊन अडवते, वारा आत घेते आणि रस्त्यावरच्या नजरेपासून आडोसाही करते. खोल व्हरांडे, रुंद छज्जे, उन्हाळ्यात उघड्यावर झोपता यावे म्हणून कठड्याची गच्ची. आपल्या वाड्यांतील चौक आणि सोपा जे काम करीत, तेच येथे मोजक्या पैशांत साधले आहे.

सेक्टरच्या मधून जाणारा बाजाररस्ता, त्याच्या सावलीच्या अंगाला दुकानांची ओळ आणि दुकानांवर बिऱ्हाडे, ही रचनाही मुद्दाम केलेली. घरातून निघून सौदा घेऊन परत येईपर्यंत मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा तिचा हेतू. फ्राय यांनी आरेखिलेले किरण चित्रपटगृह याच सेक्टरातले. नव्या गावात करमणुकीचे दुसरे साधन नसताना या एका इमारतीचे केवढे अप्रूप असेल!

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांस सांगितलीच पाहिजे. परदेशी नावांच्या झगमगाटात या कामावर राबलेले भारतीय वास्तुशिल्पी झाकोळून गेले. त्यांच्या यादीत म. ना. शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, ऊर्मिला यूली चौधरी यांच्याबरोबर प्रभावळकर आणि देठे ही आपल्या कानांस ओळखीची आडनावेही आहेत. कॉर्बुझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात चंदीगडच्या नकाशांवर काम केलेले बालकृष्ण दोशी घराण्याने गुजराती खरे. पण जन्मले पुण्यात आणि शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये.

२०१६ साली कॅपिटॉल जागतिक वारशाच्या यादीत गेले. विटांच्या घरांना तो मान मिळाला नाही. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधील निवासी घरांची मजल्यांनुसार सदनिकांत वाटणी करण्यास मनाई केली, एवढा आधार मात्र लाभला. तथापि न्यायालयाचा निर्णय विटांच्या जाळीपर्यंत पोचत नाही. ती बुजवावयास एक गवंडी आणि एक दुपार पुरते. वाढत्या संसाराला खोली हवी म्हणून व्हरांडा भिंतीआड जातो, आणि राहणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा?

म्हणून सभासदांस एक विनंती. सेक्टर २२ किंवा त्या काळच्या अन्य सरकारी घरांत ज्यांनी संसार केला असेल, त्यांनी घरापुढे काढलेली बारशाची, मुंजीची, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची जुनी छायाचित्रे मंडळास पाहावयास द्यावीत. त्यांत माणसांच्या मागे जी भिंत दिसते, ती आम्हांस हवी आहे. प्रत काढून मूळ छायाचित्र परत केले जाईल.